हॉटेलात पहाटे फायर अलार्म वाजला, आज पुन्हा तिथेच झोपायचंय. मदत हवी आहे

अर्धवटझोप (सकाळी 9:12)
लवकर उत्तर हवंय म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आज पहाटे आमच्या हॉटेलात फायर अलार्म वाजला. आम्ही सगळे गाढ झोपेत. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, लिफ्टचं बटण दाबत राहिलो, पण लिफ्ट काही येईना. शेवटी जिना. आईचे गुडघे आधीच कुरकुरतात, खाली पोचेपर्यंत ती रडकुंडीला आली. अर्धा तास बाहेर थंडीत उभे. मग एक माणूस आला, "काही नाही, जा वर" म्हणाला आणि गेला. ना माफी, ना खुलासा.

अजून दोन रात्री इथेच काढायच्या आहेत. आईने जाहीर केलंय की पुन्हा वाजला तर मी हलणार नाही, जळाले तर जळाले. माझे प्रश्न दोनच :
1. असल्या खोट्या अलार्मला दरवेळी खाली पळायलाच हवं का?
2. लिफ्ट बंद ठेवल्याची तक्रार कुणाकडे करायची?

कृपया "शोधून बघा" असं सांगू नका, तेवढा वेळ नाही.

मधलीसुट्टी (9:20)
कितवा मजला?

फिरती_खुर्ची (9:26)
पहिलं काम, पैसे परत मागा. तोंडी नाही, लेखी. आधी मॅनेजर, मग जिथून बुकिंग केलं ती साइट. मला एकदा पाण्याच्या तक्रारीवरून अख्ख्या रात्रीचे परत मिळाले होते. हॉटेल सोडल्यावर कुणी विचारत नाही, आत्ताच भांडा.

टिचभर (9:31)
आवाज कसा होता ते सांगा. सलग भोंगा, की तीन टोले-थांबा-तीन टोले, की मिनिटाला एक 'टुक'? टुक असेल तर तो अलार्मच नाही, बॅटरी संपत आलीय. माझ्या घरचा डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखणारी छतावरची डबी, गेले तीन आठवडे टुक करतोय. स्टुलावर चढून त्याचं झाकण नेमकं कुठल्या बाजूला फिरवायचं, कुणी सांगेल का?

अर्धवटझोप (9:40)
टुक कसलं, कानठळ्या बसल्या. मजला अकरावा. त्याने काय फरक पडतो?

मधलीसुट्टी (9:48)
सगळाच फरक पडतो. बऱ्याच ठिकाणी अग्निशमन दलाची नेहमीची शिडी साधारण 30 मीटरची असते. आठ-नऊ मजले धरा, तेही गाडी भिंतीला खेटून उभी राहिली तर. मी गेली कित्येक वर्षं सहाव्याच्या वर खोली घेत नाही. तळमजलाही नाही, चोर येतात. दुसरा ते सहावा. नाही मिळाली तर दुसरं हॉटेल.

खिडकीपाशी (9:57)
आला शिडीवाला. प्रत्येक धाग्यावर हेच. अहो, उंच इमारतीतून माणसं शिडीने नाही, जिन्याने सुटतात. आणि मारतो तो धूर. 1980 साली लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली ती खालच्या भागात. 85 जण गेले, त्यातले बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने गुदमरून. ज्वाळा तिथवर पोचल्याच नव्हत्या.

मधलीसुट्टी (10:01)
म्हणजे वरचे मजले नकोत हा माझाच मुद्दा तुम्ही सिद्ध केलात. आभारी आहे.

खिडकीपाशी (10:04)
मुद्दा जिन्याचा होता. तिथे जिन्यात शिरल्यावर मागचं दार आपोआप लॉक व्हायचं, धूर भरला की परत मजल्यावर येता येत नव्हतं. असो. तुम्हाला शिडीच हवी असेल तर सुटकेस मोठी घ्या.

पॅनेलवाला (10:22)
ही यंत्रणा बसवायची नि सांभाळायची हेच माझं काम, म्हणून लिहितो. आधी लिफ्टचं. धागाकर्ते, तक्रार करू नका, हसतील. अलार्म वाजला की लिफ्ट आपोआप ठरलेल्या मजल्यावर, बहुधा तळाला जाते, दार उघडून तिथेच थांबते. ती तशीच चालायला हवी. नाहीतर तुम्ही आत असताना ती आगीच्या मजल्यावर जाऊन दार उघडू शकते. शिवाय लिफ्टचा खड्डा धुराला धुराड्यासारखा ओढून घेतो, आणि वीज गेली तर तुम्ही मधेच लटकलेले.

आता मला दोन गोष्टी सांगा. तुमच्या खोलीतला डिटेक्टर नक्की कुठे आहे? आणि पॅनेलवर, म्हणजे अलार्म कुठून आला ते दाखवणाऱ्या पेटीवर, कुठली खोली दाखवत होती हे रिसेप्शनला विचारलंत का?

अर्धवटझोप (10:30)
छताला आहे. अजून कुठे असणार? खोलीचं विचारलं नाही, त्याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध? आई उतरायला तयार नाही, त्याचं बोला.

निवांत_नीज (10:34)
मी काय करते सांगू? खोलीत शिरल्या शिरल्या डिटेक्टरवर बाथरूममधली शॉवर कॅप चढवते. कानात बोळे. आजवर शांत झोप.

पॅनेलवाला (10:36)
हे वाचून माझं रक्त आटलं. ताई, तुमच्या खोलीत वायर पेटली तर तुम्हाला उठवणारं दुसरं कोण आहे? बऱ्याच ठिकाणी हा गुन्हा आहे, निदान हॉटेलच्या नियमांत तरी बसत नाही. हा सल्ला कृपया उडवा.

निवांत_नीज (10:41)
माझी खोली, माझी झोप. इतकी वर्षं काही झालं नाही.

खिडकीपाशी (10:43)
तुमची खोली, पण वरच्या खोलीतल्यांचा धूर.

फिरती_खुर्ची (10:50)
पैसे मागितलेत का?

अर्धवटझोप (11:15)
मागायला गेलो तर उलटंच झालं. म्हणतात, अलार्म तुमच्याच खोलीतून आला, पॅनेलवर तशी नोंद आहे. वर एक कागद पुढे केला, "निष्काळजीपणाबद्दल शुल्क लागू शकते", सही करा म्हणे. चोर तो चोर वर शिरजोर! आमच्यात कुणी सिगारेट ओढत नाही, कुणी काही शिजवलं नाही. सगळे झोपलेले असताना धूर करायला भूत आलं होतं का? आता हे कसं खोटं पाडायचं ते सांगा.

फिरती_खुर्ची (11:18)
सही करू नका! काहीही झालं तरी सही करू नका.

घड्याळकाका (11:21)
सगळे म्हणजे किती जण? आणि वाजला तेव्हा घड्याळात किती वाजले होते?

अर्धवटझोप (11:29)
चौघं. मी, बायको, आई, बाबा. चार वाजून दहा मिनिटं. बाबा तेवढे उठले होते, त्यांना कुठेही गेलं तरी चारला जाग येते. आंघोळ करत होते. पण पाण्याचा नि आगीचा काय संबंध?

घड्याळकाका (11:30)
सापडला तुमचा भूत.

मधलीसुट्टी (11:31)
ही माहिती पहिल्या परिच्छेदात नको होती का हो?

पॅनेलवाला (11:52)
डिटेक्टर कुठे आहे हे त्यासाठीच विचारत होतो. बाथरूमच्या दाराबाहेर, त्या छोट्या बोळात असणार. खोलीत बहुतेक ठिकाणी प्रकाशावर चालणारा डिटेक्टर असतो. आत एक अंधारी डबी, तिच्यात प्रकाशाचा झोत आणि झोताच्या रेषेपासून बाजूला बसवलेला डोळा. एरवी डोळ्याला काही दिसत नाही. कण आत शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, डोळ्याला दिसतो, अलार्म. तो कण धुराचा की वाफेचा हे साध्या डिटेक्टरला कळत नाही. कढत पाण्याचा शॉवर दहा-पंधरा मिनिटं, दार उघडं, की वाफेचा लोट सरळ त्याच्या तोंडात. डिओचा फवारा, केसांचा स्प्रे, आत शिरलेला किडा, धूळ, सगळ्यांनी हेच होतं.

बाबांना विचारा, दार उघडं होतं का आणि पंखा चालू होता का.

अर्धवटझोप (12:10)
बाबा म्हणतात दार लोटलेलं होतं. आई म्हणते सताड उघडं, कारण आत त्यांना कोंडल्यासारखं होतं. पंखा बंद, "तुमची झोप मोडू नये म्हणून."

यावर मी काही बोलत नाही. पण आंघोळ करणं हा निष्काळजीपणा कसा? तिथे डिटेक्टर बसवणाऱ्याचा का नाही?

पॅनेलवाला (12:19)
हा प्रश्न बरोबर आहे. लेखी हेच लिहून द्या : धूम्रपान नाही, शिजवणं नाही, फक्त शॉवर. आणि ही नोंद त्यांच्याकडे आधीही याच खोलीची आहे का ते विचारा. पॅनेल जुन्या घटना लक्षात ठेवतं. एकाच खोलीतून वारंवार वाजत असेल तर जागा चुकलीय. डिटेक्टर सरकवणं किंवा वेगळ्या जातीचा लावणं हे त्यांचं काम.

टिचभर (12:25)
झाकण उघडलं. डावीकडे फिरवायचं होतं. बॅटरी आणायला जातोय.

खिडकीपाशी (12:33)
मग बाथरूमपाशी उष्णतेवर चालणारा का लावत नाहीत? वाफेने वाजणार नाही.

पॅनेलवाला (12:40)
वाजणार नाही, पण झोपायच्या खोलीत उशिरा वाजतो. तो साधारण 57-58 अंशांना जागा होतो. गादी धुमसत असेल तर तोवर धुराने काम झालेलं असतं. म्हणून स्वयंपाकघरात तो, झोपायला धुराचा.

निवांत_नीज (12:44)
आणि छतातून पाणी पडतं ते? अलार्म वाजला की सगळीकडून कारंजी सुटतात, सामान भिजतं. मला खरी भीती त्याचीच आहे.

पॅनेलवाला (12:51)
ते सिनेमात. स्प्रिंक्लरचा अलार्मशी बहुधा संबंध नसतो. प्रत्येक तोंडाशी काचेची नळी असते, लाल असेल तर 68 अंशांना फुटते, आणि जिथली फुटेल तिथलंच पाणी सुटतं. मात्र त्याला कपड्याचा हँगर अडकवू नका. धक्क्यानेही फुटते, आणि ते पाणी काळंकुट्ट असतं.

अर्धवटझोप (1:05)
चर्चा छान आहे पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. आज रात्री वाजला तर उतरायचं की नाही? आता तर माहीत आहे की वाफेनेही वाजतो.

मधलीसुट्टी (1:09)
लांडगा आला रे आला. तिसऱ्यांदा खरंच येतो.

घड्याळकाका (1:14)
उतरायचं. तुमच्या बाबांची वाफ तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्या खोलीतल्या बाबांचं तुम्हाला काय ठाऊक? तुर्कस्तानात कार्तालकायाच्या एका हॉटेलात 21 जानेवारी 2025 ला पहाटे आग लागली, 78 माणसं गेली. वाचलेल्यांनी सांगितलं, अलार्म वाजलाच नाही. तुमचा निदान वाजतो तरी.

अर्धवटझोप (1:20)
काका, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, गुडघे काकांचे नाहीत.

घड्याळकाका (1:27)
गुडघे माझेही गेलेत, म्हणूनच सांगतो. खालची खोली मागा. दुसरा-तिसरा मजला. आत्ता, रिसेप्शनवर जाऊन, "आई जिना उतरू शकत नाही" या शब्दांत. आणि हे त्यांच्या रजिस्टरला लिहून घ्यायला लावा. कोण कुठल्या खोलीत अडकलंय हे अग्निशमनवाले आल्या आल्या त्यांनाच विचारतात. काही हॉटेलांत जिन्यावरून उतरवायची घसरखुर्ची असते, आहे का ते विचारा. मी दर वेळी विचारतो. निम्म्या ठिकाणी कुणाला माहीत नसतं, पण विचारल्यावर शोधतात.

मधलीसुट्टी (1:30)
दुसरा ते सहावा. मी सकाळी 9:48 ला हेच सांगितलं होतं.

खिडकीपाशी (1:31)
शिडीसाठी सांगितलं होतं. काका गुडघ्यासाठी सांगतायत.

पॅनेलवाला (1:45)
काकांशी सहमत. भर घालतो. आज संध्याकाळी खोलीतून जिन्याच्या दारापर्यंत चालत जा आणि मधली दारं मोजा. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताला मोजता येतं. जिन्याचं दार उघडून बघा. रात्री चपला आणि किल्ली उशाशी. किल्ली विसरू नका, जिन्यात धूर असेल तर खोलीत परतावं लागतं. वाजल्यावर दाराला हाताची मागची बाजू लावा. गरम लागलं तर उघडू नका. ओला टॉवेल फटीत कोंबा, फोन करून खोलीचा नंबर सांगा, खिडकीशी थांबा. आईंना उतरवणं अशक्य झालं तर बंद दाराआड थांबणं हे धुराच्या जिन्यात अडकण्यापेक्षा कधीही बरं. पण हा दुसरा पर्याय, पहिला नाही.

अर्धवटझोप (1:58)
एक राहिलंच. बायको उठलीच नव्हती. एवढा भोंगा वाजत असताना मी गदागदा हलवून उठवली. हे नॉर्मल आहे का?

मधलीसुट्टी (2:00)
हेही आत्ता सांगताय?

पॅनेलवाला (2:08)
होतं असं. जुने भोंगे किंचाळतात, 3000 हर्ट्झच्या आसपास. गाढ झोपेतल्याला, लहान मुलांना, ऐकू कमी येणाऱ्यांना तो आवाज उठवेलच असं नाही. 520 हर्ट्झचा जाडा, बसका आवाज जास्त लोकांना उठवतो. अमेरिकेत 2014 पासून नव्या हॉटेलांच्या झोपायच्या खोल्यांत तोच लागतो. तोवर एकमेकांना हलवायचं, आणि कुणी कुणाला हलवायचं हे आधीच ठरवायचं.

निवांत_नीज (2:15)
कानातले बोळे काढून झोपेन. कॅपचं बघते.

अर्धवटझोप (संध्याकाळी 6:40)
तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. डिटेक्टर पलंगाच्या वर आहे, बाथरूमपासून लांब. मॅनेजरने नोंदी काढल्या, त्या अकराव्या मजल्यावरच्या खोलीतून आधीही दोनदा वाजलाय. कागद त्यांनीच परत घेतला. घसरखुर्ची आहे, पण कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे असते म्हणे. ती रात्री रिसेप्शनला ठेवायला लावली. जिन्यापर्यंत पाच दारं. आईने मोजली, दोनदा.

बाबा आता सहाला आंघोळ करणार आहेत. पंखा लावून. रुसलेत.

फिरती_खुर्ची (6:52)
म्हणजे पैसे परत मिळाले की नाही?

टिचभर (7:03)
नवी बॅटरी घातली. तरी टुक. कुणी आहे का?

पॅनेलवाला (7:10)
मागे बनवल्याची तारीख असेल ती बघा. दहा वर्षांनी डिटेक्टरच बदलायचा असतो, बॅटरी नाही.

टिचभर (7:19)
2011.