युद्ध चालू असताना शाळा उघडाव्यात की बंदच ठेवाव्यात?

खडूफळा
"सगळं शांत होऊ दे, मग शाळा" हे बोलणं शहाणपणाचं वाटतं, पण शांत कधी होणार हे कोणालाच सांगता येत नाही. तिसरीतलं मूल दोन वर्षं घरी बसलं तर तिसरीत परत येत नाही. जेमतेम आलेलं वाचन ते विसरतं, वर्गातली बाकीची मुलं लहान म्हणून लाजतं, आणि तोवर मुलगा कामाला लागलेला असतो, मुलीचं लग्न झालेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात दहा वर्षांची असलेली जर्मन-ऑस्ट्रियन मुलं स्वित्झर्लंड-स्वीडनमधल्या समवयस्कांपेक्षा कमी शिकली आणि त्यांच्या कमाईतली तूट चाळीस वर्षांनीही दिसत होती. म्हणून तंबू, तळघर, झाडाखाली, जमेल तिथे पहिल्या काही आठवड्यांतच वर्ग भरवा. युनिसेफची एक पेटी 40 मुलांना पुरते: वह्या, पेन्सिली, मोजायचे ठोकळे, लाकडी घड्याळ. पेटीच्या झाकणाला आतून सोबतचा काळा रंग लावला की तोच फळा.

टेहळणी
पेटी पोचेल हो, पण मुलं कुठे बसवणार? शाळा म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि एका छपराखाली शेकडो मुलं. हल्लेखोराला आणखी काय हवं? नायजेरियात चिबोकची शाळा धोक्यामुळे बंदच होती. एप्रिल 2014 मध्ये केवळ अंतिम परीक्षेसाठी उघडली आणि बोको हराम या दहशतवादी संघटनेने 276 मुली पळवल्या.

सैन्यालाही शाळेचीच इमारत सोयीची पडते. पक्क्या भिंती, कुंपण, पाणी, संडास, रस्ता जवळ, गच्चीवरून चौफेर नजर. सैनिक आत राहायला आले की ती लष्करी लक्ष्य ठरू शकते, कारण युद्धगुन्हे ठरवणाऱ्या रोम संविधी या आंतरराष्ट्रीय करारातलं संरक्षण ती लष्करी लक्ष्य नसण्याच्या अटीवरच आहे. युद्धात शाळा वाचवण्यासाठीचा 2015 चा सुरक्षित शाळा जाहीरनामा शंभराहून जास्त देशांनी मान्य केलाय, पण तो कायद्याने बंधनकारक नाही.

सैनिक निघून गेल्यावरही पालकांना झाडू घेऊन आत पाठवू नका. न फुटलेले गोळे ढिगाऱ्यात, विहिरीत, संडासाच्या खड्ड्यात, मैदानातल्या गवतात राहतात. आधी निकामी करणारं पथक, मग साफसफाई, मग मुलांना "दिसलं तर हात लावू नकोस, तिथूनच मागे फिर, मोठ्यांना सांग" हे शिकवणं. हा क्रम बदलला की मुलं हातपाय गमावतात.

खडूफळा
चिबोकवरून मी वेगळा धडा घेतो. तिथे मुली रात्री एकाच आवारात होत्या आणि पुरेसा पहारा नव्हता. गर्दी फोडा. दोनशे मुलांची एक शाळा भरवण्याऐवजी वीस-वीसचे दहा वर्ग वेगवेगळ्या घरांत, वेळा बदलत्या, निवासी वसतिगृह बंद. युक्रेनमधल्या खारकीव्ह शहराने सप्टेंबर 2023 पासून मेट्रो स्थानकांत वर्ग भरवले. रशियाची सीमा इतकी जवळ की क्षेपणास्त्र मिनिटाभरात येतं, सायरन ऐकून धावायला वेळच नाही. म्हणून मुलांना आधीच जमिनीखाली बसवलं.

टेहळणी
खारकीव्हकडे मेट्रो होती. ज्या खेड्यात तळघरच नाही तिथे काय? आणि दहा वर्गांना दहा शिक्षक लागतात.

हजेरीपट
शिक्षकांचा विषय निघाला हे बरं झालं. तुम्ही दोघंही भिंतींवरच अडला होतात. येमेनमध्ये 2016 पासून बहुतेक सरकारी शिक्षकांचे पगार रखडले. इमारत उभी, पण गुरुजी रिक्षा चालवतात. खरी गळती तिथे आहे. पेटी आणि तंबूला देणगीदार लगेच मिळतात, महिन्याचं मानधन वर्षानुवर्षं द्यायला कोणी पुढे येत नाही.

दुसरी गळती कागदाची. विस्थापित मूल दारात आलं की मुख्याध्यापक दाखला मागतात, आणि दाखला जळालेला असतो. दाखला मागूच नका. एक परिच्छेद वाचून घ्या, हातच्याची बेरीज-वजाबाकी करून घ्या आणि त्यावरून इयत्ता ठरवा. हजेरीपटाच्या दोन प्रती ठेवा, दुसरी गावाबाहेर. वय वाढलेल्यांना लहानांच्या बाकावर बसवू नका. सिएरा लिओनने युद्धानंतर अशा मुलांसाठी सहा वर्षांचं प्राथमिक शिक्षण तीन वर्षांत बसवलं होतं. पण शेवटी मान्यता असलेली परीक्षा नसेल तर सगळं वाया. गाझातल्या बारावीच्या सुमारे 39,000 मुलांना 2024 मध्ये परीक्षाच देता आली नाही, म्हणजे पुढचा प्रवेशही अडला.

मधली सुट्टी
मग ऑनलाइन का नको? परीक्षाही तशीच घ्या.

हजेरीपट
वीज, नेट आणि घरात किमान एक मोकळा फोन असेल तर वरच्या इयत्तांना चालेल. पहिली-दुसरीच्या पोराला अक्षर गिरवायला शेजारी माणूस लागतो. तिथे रेडिओ पाठ आणि छापील पानं, आठवड्यातून एकदा शिक्षकाने तपासलेली.

टेहळणी
दाखल्याचं पटलं. इमारतीबाबत मात्र मी मागे हटत नाही. युक्रेनमध्ये प्रत्यक्ष वर्गात किती मुलं घ्यायची हे आश्रयस्थानात किती मावतात यावर ठरतं, उरलेली दुसऱ्या पाळीत किंवा घरून. हाच नियम सगळीकडे लावा. बाहेर पडायला दोन वाटा, घड्याळ लावून घेतलेला सराव आणि आवारात एकही सैनिक नाही. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तर त्या इमारतीत वर्ग नको. छापील पानं घरपोच द्या आणि शिक्षकाला मानधन तिथेही द्या.