स्पेनमध्ये होस्ट फॅमिलीकडे राहिलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

माझ्या भाचीचं सप्टेंबरमध्ये सालामांकाला जायचं नक्की झालंय, एक सेमिस्टर, आणि राहायचं होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे तिकडच्याच एका कुटुंबाच्या घरी. काल विचारत होती, मावशी, पैसे देऊन राहायचं म्हणजे पीजीच की गं? मी २०१६ ला त्याच गावात राहिलेय तरी मला धड हो म्हणता येईना, नाही पण म्हणता येईना. म्हणून हा धागा. जे राहिलेत त्यांनी लिहा, चांगलं वाईट दोन्ही. आधी माझं सांगते.

माझी सेन्योरा (घरमालकीण बाई) ६८ वर्षांची, नवरा वारलेला, मुलं माद्रिदला. पेन्शनला हातभार म्हणून विद्यार्थी ठेवते हे तिनं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं आणि मला ते आवडलं. आंघोळीचं पाणी तापायचं बुतानोवर, म्हणजे नारिंगी रंगाची साडेबारा किलोची गॅसची टाकी, माणूस ती खांद्यावर टाकून वर आणून देतो. नळ जरा जास्त वेळ चालला की दारावर टकटक, "इहा, एल आग्वा!" (पोरी, पाणी!). सुरुवातीला मला फार लागलं ते, आपण पैसे भरतो आणि वर हे. मग एकदा जानेवारीत टाकी रात्री संपली, दुसरी सकाळशिवाय येणार नव्हती, आणि ती बर्फासारख्या पाण्यात गुपचूप भांडी घासत उभी होती, हात लालभडक. त्यानंतर मी पाच मिनिटांत बाहेर यायला लागले.

जेवणाचं नीट वाचा. मी शाकाहारी आहे असं फॉर्मवर लिहून दिलं होतं आणि पहिल्याच रात्री सॅलडवर टूना. तिकडे 'कार्ने' (मांस) म्हटलं की मटण-बीफ-पोर्क डोळ्यासमोर येतं, मासा त्यात धरतीलच असं नाही, मटारच्या भाजीत हॅमचे चार तुकडे असले तरी ती त्यांच्या लेखी मटारचीच भाजी. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका, मासा नको, हॅम नको, चोरिझो (पोर्कचं सॉसेज) नको, हाडांचा रस्सा नको असं एकेक नाव घेऊन सांगा, पहिल्या दिवशीच, हसून सांगा पण सांगा. माझ्या सेन्योरानं त्यानंतर माझ्यासाठी वेगळ्या छोट्या पातेल्यात लेन्तेखास शिजवायला सुरुवात केली, आपल्या अख्ख्या मसुरासारखीच, तेजपान, लसूण नि पिमेंतोन (तिकडची लाल मिरचीची पूड) घालून. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊच्या आत नाहीच, मधे सहाच्या सुमाराला 'मेरिएंदा' म्हणजे आपलं चहाबरोबरचं खाणं, ते चुकवू नका नाहीतर साडेनऊपर्यंत जीव जातो.

आणि अनवाणी फिरायचं नाही! आपल्याकडे दारात चपला काढतो, इथे मी मोजे घालून फरशीवर आले तरी ती ओरडायची, थंडी पायातून चढते म्हणे. शेवटी तिनं स्वतःच्या पैशानं लोकरीच्या सपाता आणून दिल्या. अजून आहेत माझ्याकडे, तळ फाटलेत.

* * *

ताई, सपाता वाचलं आणि लिहायला बसलो. मी मालवणचा, २०२२ ला सहा आठवडे सेव्हिलला होतो, घरात आजी-आजोबा दोघंच. आजोबांना मी एकदा बोलता बोलता म्हटलं की आमच्याकडे घरात घालायच्या चपलेला सपात म्हणतात, तर ते खुर्चीतून उठलेच, कारण तिकडे बूट म्हणजे सापातो (माद्रिदवाले थापातो म्हणतात, सेव्हिलला स). मग रोज संध्याकाळचा उद्योगच झाला, आमचा बटाटा त्यांचा पताता, साबण तर खाबोन, पाव तर पान, चावी तर यावे, आणि पगार म्हटल्यावर तर त्यांनी टेबलावर हात आपटला कारण पागार म्हणजे त्यांच्यात पैसे देणं. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगीजांमुळे आले, दोन्ही भाषा बहिणी त्यामुळे जुळतात. आजोबांनी सगळी यादी लायटरच्या जाहिरातीच्या वहीत लिहून ठेवली, कापऱ्या अक्षरात, मराठी शब्द त्यांच्या लिपीत.

जुलैत चाळीसच्या वर पारा. सकाळी दहालाच आजी सगळ्या पर्सियाना (खिडकीवरची गुंडाळायची झडपं) खाली ओढायची, दिवसभर घरात काळोख, मला आधी गुदमरायला झालं पण एसी न लावता घर थंड राहायचं हे खरं. गझपाचो (टोमॅटोचं थंड सूप) आपल्या सोलकढीसारखं ग्लासातून प्यायला. आणि कासोन एन आदोबो! कासोन म्हणजे आपली मोरी (छोटा शार्क मासा), व्हिनेगर-लसूण-जिऱ्यात मुरवून तळलेली. पहिला तुकडा तोंडात गेला नि आईच्या हातचं मोरीचं मटण आठवलं, चव वेगळी पण मासा तोच. आजीनं विचारलं डोळ्यात पाणी का, मला तेव्हा एवढं स्पॅनिश येत नव्हतं.

* * *

सगळं गोड नसतं म्हणून माझं पण लिहिते. माद्रिद, २०१८. एका फ्लॅटमध्ये आम्ही तीन विद्यार्थिनी, बाई चांगली नव्हती असं नाही म्हणणार पण तिच्यासाठी तो पूर्ण धंदा होता. रोज रात्री फ्रोझन क्रोकेतास (कटलेटसारखे तळणीचे गोळे) तळून ट्रेमध्ये, ती स्वतः आतल्या खोलीत जेवायची, फ्रीजला हात लावायचा नाही, हिटर रात्री दहाला बंद. मी पाच आठवडे गप्प बसले, त्यांना काय वाटेल, आपण पाहुणे. शेवटी कोऑर्डिनेटरला सांगितलं तर तीन दिवसांत घर बदलून मिळालं. पाच आठवडे! भाचीला सांगा, भिडेपोटी थांबू नकोस, पहिल्या पंधरा दिवसांतच बोल. दुसऱ्या घरी जेवण साधंच होतं पण जेवण झाल्यावर कुणी उठायचं नाही, ताटं तशीच आणि गप्पा तासभर, सोब्रेमेसा म्हणतात त्याला. माझं स्पॅनिश तिथे सुटलं, वर्गात नाही.

* * *

व्हॅलेन्सिया, शाळेतली दोन मुलं असलेलं घर. रविवारी पाएया, म्हणजे पसरट कढईतला भात, ससा आणि कोंबडी घालून, आणि सगळ्यांची मारामारी तळाला लागलेल्या सोकार्रातसाठी. म्हणजे खरवड हो, शुद्ध खरवड! आमच्या आजीकडे भाताच्या खरवडीला तूप लावून द्यायचे, मी हे सांगितल्यापासून तिथली वहिनी कडेचा सगळ्यात करपलेला भाग मला वाढायची.

* * *

कामाचं एक. सहा महिन्यांच्या वर राहणार असाल तर पोचल्यापासून महिन्याच्या आत टीआयई कार्डासाठी (परदेशी लोकांचं तिकडचं ओळखपत्र) अर्ज करायचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याआधी पाद्रोन, म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद. त्याला घरमालकाची संमती लागते. आपल्या घरी नोंद करू देतील का हे जायच्या आधी ईमेलनं विचारून घ्या, काही जण नाही म्हणतात.

* * *

मी स्वतः नाही राहिले, माझी लेक राहिली, ग्रानादाला, जानेवारी २०२० पासून. आम्ही नाशिकचे. १४ मार्चला स्पेननं आणीबाणी लावली, आठवड्याभरात आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं बंद. आम्ही २२ तारखेला संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवल्या, तिकडे रोज रात्री आठला सगळे बाल्कनीत येऊन टाळ्या वाजवायचे, ती मोबाइल धरून दाखवायची, शेजारी तिची कार्मेन सेन्योरा, झाडाला टेकावं तशी लेक तिच्या खांद्याला टेकलेली. मला स्पॅनिश येत नाही, तिला मराठी काय हिंदी पण नाही. तरी आम्ही रोज बोलायचो. ती कढईतलं दाखवायची, मी माझ्या कढईतलं. एकदा तिनं तांदूळ दुधात शिजवून वर दालचिनी घातलेली वाटी दाखवली, मी आत जाऊन खिरीची वाटी घेऊन आले, आणि दोघी नुसत्याच मान हलवत बसलो.

एप्रिलअखेर कोर्स बंद झाला आणि संस्थेकडून कार्मेनला मिळणारे पैसे पण थांबले. लेकीनं मला घाबरून फोन केला, आई मी आता काय करू, हिचे पैसे कुठून देऊ. आम्ही इकडून पाठवायची तयारी केली. लेकीनं तसं सांगितल्यावर कार्मेननं काही उत्तरच दिलं नाही म्हणे, ड्रॉवरमधून किल्ली काढली, घराच्या मुख्य दाराची, संस्थेनं दिलेला टॅग तिच्यावरून कात्रीनं कापला आणि किल्ली परत लेकीच्या हातात दिली. जूनच्या शेवटी कशीबशी विमानात जागा मिळाली. ती किल्ली लेक परत द्यायला गेली तर घेतली नाही. आमच्या देवघराशेजारच्या खुंटीला आहे.