ड्रमच्या रिमवर लावायचे क्लिपचे माइक: डायनॅमिक घ्यावेत की कंडेन्सर?

प्रश्न

आमच्या बँडच्या ध्वनिव्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे आहे. ड्रमसेटमध्ये १४ इंची स्नेअर, १० आणि १२ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आहे. आजवर स्नेअरवर शुअर एसएम ५७ आणि टॉमवर साधारण त्याच आकाराचे डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारे) माइक स्टँडवर लावत आलो आहे. परंतु मंच लहान असला की हे चार स्टँड सिम्बलच्या (धातूच्या थाळ्यांच्या) स्टँडमध्ये अडकतात आणि मांडामांडीच्या घाईत कोणाचा तरी पाय लागून माइकची दिशा हमखास बदलते. म्हणून स्नेअर आणि तिन्ही टॉमसाठी रिमला (ड्रमच्या वरच्या कड्याला) अडकवता येतील असे माइक घ्यायचे ठरवले आहे. किकचा माइक आणि दोन ओव्हरहेड (ड्रमसेटच्या वर लावायचे माइक) आधीपासून आहेत.

एकीकडे सेनहायझर ई ६०४ सारखे आखूड डायनॅमिक माइक आहेत, तर दुसरीकडे शुअर बीटा ९८ किंवा डीपीए ४०९९ सारखे, वाकवता येणाऱ्या बारीक दांडीवरचे छोटे कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारे, अधिक संवेदनशील माइक) आहेत. कंडेन्सरचा आवाज अधिक स्वच्छ असतो असे सगळेच सांगतात, पण आमचा ड्रमर जोरात वाजवतो आणि सिम्बल टॉमच्या बरेच जवळ लावतो. अशा वेळी सिम्बलचा आवाज टॉमच्या माइकमध्ये किती शिरेल आणि रिमला धरलेल्या माइकमध्ये रिमचे कंपन उतरेल का, या दोन शंकांबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

डायनॅमिक की कंडेन्सर हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून आधी एक गोष्ट ऐकून पाहावी, असे मी सुचवेन. टॉमला माइक लावा, मिक्सरवरचा फक्त तेवढाच चॅनेल हेडफोनवर घ्या आणि ड्रमरला टॉमला न शिवता केवळ सिम्बल वाजवायला सांगा. त्या माइकमधून सिम्बल जसा ऐकू येईल तसाच तो कार्यक्रमभर तुमच्या मिक्समध्ये मिसळत राहणार आहे, कारण बहुतेक गाण्यांत टॉम मोजक्या जागी वाजतो आणि सिम्बल व हाय-हॅट जवळजवळ अखंड. टॉमचा माइक निवडताना टॉमचा आवाज सगळेच तपासतात. खरे तर चांगला माइक आणि त्रासदायक माइक यांतला फरक या नको असलेल्या आवाजातच कळतो.

हा आवाज किती येईल हे माइकच्या कोनावर फार अवलंबून असते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक पाठीमागून, म्हणजे १८० अंशांवरून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो, पण ९० अंशांवरून येणारा आवाज समोरच्यापेक्षा अवघा ६ डेसिबलने कमी असतो. माइक हेडला (ड्रमवर ताणलेल्या पडद्याला) जवळपास समांतर आडवा ठेवला, तर वरचा सिम्बल नेमका त्या ९० अंशांत येतो. तोच माइक अधिक खाली झुकवून त्याची पाठ सिम्बलकडे केली, तर ब्लीड (दुसऱ्या वाद्याचा शिरणारा आवाज) ऐकण्यासारखे कमी होते. ई ६०४ सारखा आखूड माइक जवळच्या सिम्बलखालीही असा तीव्र कोनात बसतो, आणि लांब दांड्याच्या माइकला तिथे जागाच नसते. सुपरकार्डिऑइड माइक बाजूचा आवाज कार्डिऑइडपेक्षा कमी घेतो, मात्र त्याची सर्वांत बधिर दिशा थेट मागे नसून सुमारे १२६ अंशांवर असते, त्यामुळे त्याचा कोन वेगळ्या हिशेबाने ठरवावा लागतो. डीपीए ४०९९ सुपरकार्डिऑइड आहे, हे लावताना ध्यानात असू द्यावे.

आता मूळ प्रश्न. डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. ते वजन आणि पडद्याचा मोठा आकार यांमुळे बाजूने येणारा सिम्बल त्यात काहीसा मंद, झाकल्यासारखा येतो. छोट्या कंडेन्सरमध्ये बाजूचे वरचे स्वर फारसे कमी होत नाहीत. सिम्बल त्यात नैसर्गिक येतो, पण येतो. काडीचा ठोका उठावा म्हणून टॉमवर ४-५ किलोहर्ट्झच्या आसपास उठाव दिला की त्या चॅनेलमधला सिम्बलही तेवढाच वर येतो, आणि जोरात वाजणाऱ्या बँडमध्ये तोच कानाला बोचतो. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी टॉमवर डायनॅमिकच लावेन. ब्रशने किंवा हलक्या हाताने वाजवणारा ड्रमर असता, तर याच्या नेमके उलट सांगितले असते.

प्रतिसाद २

तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो, कारण क्लिपचा विचार माइकइतकाच केला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

रिमचे कंपन माइकमध्ये उतरते. किती उतरते हे क्लिपचे रबर, तिची पकड आणि माइकचे वजन यांवर ठरते. एसएम ५७ चे वजन २८४ ग्रॅम आहे आणि ई ६०४ चे सुमारे ६० ग्रॅम; एसएम ५७ एवढा जड माइक रिमवरच्या लांब दांडीला टांगला, तर प्रत्येक ठोक्याला तो हेलकावतो आणि तासाभरात त्याचे तोंड खाली झुकलेले दिसते. हलका माइक रिमच्या जवळ आखूड क्लिपवर असला की हा त्रास बराच कमी होतो. तपासण्यासाठी माइक १२ इंची टॉमवर लावून शेजारचा टॉम आणि किक वाजवून घ्या. चॅनेलमध्ये बोथट ‘धप्प’ ऐकू आले, तर ते बहुतांशी हवेतून न येता धातूतून आलेले असते. लहान टॉमवर ६० ते ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावला की त्यातले बरेचसे निघून जाते, आणि त्या टॉमचा मूळ सूर त्याहून वर असल्याने त्याला धक्का लागत नाही. १६ इंची टॉमवर मात्र हाच लो-कट सावधपणे लावावा.

क्लिप विकत घेण्यापूर्वी ती तुमच्या रिमवर प्रत्यक्ष बसवून पाहा. पत्रा वाकवून केलेल्या रिमची कड पातळ असते, ओतीव रिम जाड असते, लाकडी रिम त्याहून जाड. एकीवर घट्ट बसणारा चिमटा दुसरीवर अर्धवट तोंड वासून राहतो. क्लिप दोन टेन्शन बोल्टच्या मधोमध लावावी आणि तिचा कोणताही भाग हेडला किंवा शेलला (ड्रमच्या गोल भिंतीला) टेकू देऊ नये. बसवल्यावर माइक बोटाने हलवून पाहा: रिमसकट सगळा ड्रम हलला तर पकड योग्य आहे, नुसता माइक डुलला तर नाही.

क्लिपचा एक मोठा फायदा मात्र सांगायलाच हवा. टॉम लवचीक टांगणीवर असेल, तर ठोक्यासरशी तो खालीवर होतो आणि स्टँडवरच्या माइकचे अंतर सतत बदलते. क्लिपचा माइक टॉमबरोबरच हलतो, त्यामुळे साउंडचेकला ठरवलेले तीन-चार सेंटिमीटरचे अंतर शेवटपर्यंत तसेच राहते.

स्नेअरसाठी मी तुमचा एसएम ५७ बदलणार नाही. चार स्टँडपैकी तीन निघाले तरी मंच पुरेसा मोकळा होतो, आणि स्टँडवर असल्यामुळे हाय-हॅटकडे पाठ येईल अशी दिशा त्याला मोकळेपणाने देता येते. स्नेअरवर क्लिपच हवी असेल, तर ती हाय-हॅट आणि पहिल्या टॉमच्या मधल्या फटीत लावून पाहा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक अडचण विचारतो. बेस गिटार वाजू लागला की १२ इंची टॉम आपोआप घुमत राहतो आणि ती घूं-घूं माइकमधून स्पीकरवर जाते. माइक रिमला लावल्यावर हे वाढेल का? गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज दाबणारी यंत्रणा) लावला की टॉमची शेपूट कापल्यासारखी वाटते.

प्रतिसाद ३

माइक क्लिपचा असो वा स्टँडचा, ही घुमण टॉमच्या हेडची आहे, त्यामुळे आधी टॉम सुरात लावून घ्यावा. बेसच्या एखाद्या नेहमीच्या सुरावर टॉम अडकत असेल, तर त्याचा सूर थोडा वर किंवा खाली सरकवला की निम्मे काम होते. उरलेल्यासाठी गेट पूर्ण बंद होईल असा लावू नका; बंद असताना आवाज १० ते १५ डेसिबलनेच खाली जाईल अशी रेंज ठेवा, होल्ड (गेट उघडा राहण्याचा वेळ) वाढवा आणि रिलीज (तो मिटायला लागणारा वेळ) टॉमच्या स्वाभाविक विझण्याएवढा लांब करा. गेटच्या की-फिल्टरमधून (गेट कोणत्या स्वरांवर उघडावा हे ठरवणाऱ्या फिल्टरमधून) वरचे स्वर काढून टाकले, तर सिम्बलच्या प्रत्येक फटक्याला गेट उघडत नाही. मात्र फिल्टर बेसच्या सुरावर येऊन बसला, तर बेसच गेट उघडत राहील, म्हणून तो टॉमच्या ठोक्याच्या बाजूला थोडा वर सरकवून ऐकून ठरवा.

पहिल्या प्रतिसादाशी एका जागी माझा मतभेद आहे. १० इंची टॉमवर दोन्ही बाजूंनी सिम्बल आले असतील, तर आखूड डायनॅमिकही कधीकधी ड्रमरच्या काडीच्या वाटेत येतो. तिथे बारीक दांडीचा सुपरकार्डिऑइड कंडेन्सर रिमलगत नीट लपतो, आणि त्या एका चॅनेलवर वरचा उठाव कमी दिला की सिम्बलही आवरता येतो. दोन अटी पाळाव्यात. त्या चॅनेलला ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरने केबलमधून दिलेला वीजपुरवठा) लागतो, आणि माइक किती डेसिबलपर्यंत आवाज न फाटता घेतो हे खरेदीआधी पाहावे. जवळून जोरदार फटका १४० डेसिबलच्या आसपास सहज जातो. माइकमधलीच यंत्रणा फाटली, तर मिक्सरवरचे पॅड (पातळी कमी करणारे बटण) दाबून काही उपयोग होत नाही.

माइक बदलल्यावर ओव्हरहेडबरोबर पोलॅरिटी (दोन माइकचे संकेत एकाच दिशेने की उलट दिशेने जातात ते) पुन्हा तपासा. ओव्हरहेड टॉमपासून एक मीटर वर असेल, तर टॉमचा ठोका तिथे जवळच्या माइकपेक्षा सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र उघडून टॉम वाजवावा, पोलॅरिटीचे बटण दाबून ऐकावे आणि ज्या स्थितीत तळ भरीव वाटेल ती ठेवावी. हे प्रत्येक टॉमसाठी वेगळे करावे लागते.

केबलचे वजन क्लिपवर येऊ देऊ नका. एक सैल वेढा देऊन ती टॉमच्या स्टँडला बांधा. क्लिपचा एक जास्तीचा नगही माइकसोबतच घ्या, कारण माइक अनेक वर्षे टिकतो, पण प्लास्टिकचा चिमटा त्याआधी तडकतो आणि तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी मिळत नाही.