डेंटिस्टची भीती नेमकी कुठल्या खान्यात?

शेवंती:
खालची उजवी दाढ दीड वर्ष किडतेय. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, रात्री पेनकिलर. तीनदा अपॉइंटमेंट घेतली, तिन्ही वेळा जिन्यातूनच परत फिरले. शेवटी तर घरी ठोकून दिलं, डॉक्टर गावाला गेलेत म्हणून.

सातवीत असताना भूल पुरती चढायच्या आत दाढ उपटली होती. मी हात वर केला, तर कंपाउंडरनं "नाटकं नकोत" म्हणत दोन्ही हात दाबून धरले.

गंमत म्हणजे मी अकरा वेळा रक्तदान केलंय. सुईचं मला काही वाटत नाही. तरी समुपदेशक बाईंनी कागदावर लिहिलं, 'विशिष्ट फोबिया, रक्त-सुई-इजा प्रकार'. मला ते पटेना. मला भोवळ येत नाही हो, पळत सुटावंसं वाटतं! कुणाला यातलं कळतं का?

बापू मास्तर:
मानसशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. बाईंनी लिहिलं ते पुस्तकाबाहेरचं नाही. डीएसएम-५ (मानसिक आजारांची अमेरिकन यादी, २०१३) मध्ये विशिष्ट फोबियाचे प्राणी, निसर्ग, रक्त-सुई-इजा, प्रसंग (लिफ्ट, विमान) आणि इतर असे पाच प्रकार आहेत. डेंटिस्टला वेगळी जागा नाही, मग तिसऱ्यात ढकलतात. त्याच्या पोटात 'इतर वैद्यकीय उपचारांची भीती' हाही कोड आहे. आयसीडी-१० मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मात्र एफ४०.२ या कोडखाली उंची, अंधार, विमानप्रवास यांच्या पंगतीत दंतोपचार नावानिशी आहेत.

पण तिसऱ्या प्रकाराची खूण म्हणजे घेरी. आधी धडधड, मग नाडी आणि रक्तदाब झपकन खाली. अशांना स्वीडनच्या लार्स-यॉरान ओस्ट यांच्या पद्धतीनं हातापायाचे स्नायू ताणायला शिकवतात, रक्तदाब टिकावा म्हणून. ताई, तुमचा रक्तदाब पडतच नसेल तर तो व्यायाम करून काय साधणार? खाना चुकला की उपाय चुकतो, म्हणून तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

हिंगणघाटकर:
एवढा कीस कशाला? दोन मिनिटांचं काम. डोळे मिटा, दाढ काढा.

खुर्चीच्या अलीकडे:
बावीस वर्षं डेंटिस्ट आहे. हिंगणघाटकर, 'दोन मिनिटांचं काम' हे वाक्य ऐकूनच निम्मे लोक पुन्हा येत नाहीत.

डेंटिस्टची भीती मोजणारी नॉर्मन कोरा यांची १९६९ ची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. उद्या जायचंय, बाहेर बसलोय, ड्रिल लागणार, दात साफ होणार, असे चारच प्रश्न. सुई त्यात नव्हतीच! सुधारित आवृत्तीत ती पाचवा प्रश्न म्हणून आली. तिथे २५ पैकी १९ किंवा जास्त म्हणजे भीती फार. अमेरिकेत सिएटलला ही भीती अभ्यासणाऱ्या मंडळींची विभागणी मला जास्त कामाची वाटते: ड्रिल-सुईसारख्या ठराविक गोष्टीची भीती, डॉक्टरवर अविश्वास, मुळातच काळजीखोर स्वभाव, आणि श्वास अडकेल, रिॲक्शन येईल अशी धास्ती. शेवंतीताई, तुमचा दुसरा प्रकार दिसतो. (पेशंट न बघता बोलतोय, हे ध्यानात असू द्या.)

माझ्याकडे नियम आहे, डावा हात वर केला की ड्रिल बंद. कारण विचारायचं नाही.

बापू मास्तर:
अविश्वासाच्या मुळाशी जुना प्रसंग असेल, तर आणखी एक मत आहे. २००६ मध्ये हवाईतल्या काहींनी लिहिलं की याला फोबिया म्हणणंच चूक, हा आघातानंतरचा त्रास धरावा. अधिकृत यादीत ते शिरलं नाही. पण ज्याचे हात खरोखर दाबले होते, त्याची भीती 'अवास्तव' कशी म्हणायची? मला तरी हे पटतं.

शेवंती:
प्रश्नावली सोडवली. चार प्रश्नांना पाच-पाच, सुईला एक. एकूण २१. कागद घेऊन पुन्हा समुपदेशक बाईंकडे जाणार आहे.

डॉक्टर, तुमचा डाव्या हाताचा नियम वाचून रडूच आलं. इथल्या एका डेंटिस्टबाईंना फोन केला, तसं चालेल का विचारायला. हो म्हणाल्या. सोमवारी नुसती खुर्चीत बसून येणार आहे. तोंड उघडणार नाही, हेही सांगून ठेवलंय.