समाजकार्याच्या विद्यार्थ्याला आधी काय हवं : कौशल्य की मूल्यं?

वणीकर : एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचं, दुसरं वर्ष. क्षेत्रकार्याला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जातो. माझं मत असं, की आम्हाला मूल्यं भरपूर शिकवली, काम शिकवलं नाही. आत्महत्या केलेल्या एका कास्तकाराच्या घरी गेलो. वहिनींनी पहिलंच विचारलं, "भाऊ, लाख रुपये भेटतीन का?" स्वीकार, स्वयंनिर्णय, गोपनीयता, ही समाजकार्याची तत्त्वं सगळी पाठ होती, पण अशा घराला मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे कशावर ठरतं, ते माहीत नव्हतं. कर्ज खाजगी माणसाचं, कच्च्या चिठ्ठीवर, असं त्या म्हणाल्या. तलाठ्याला हे सगळं सांगितलं तेव्हा कळलं, की कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. मग दोन वर्षं मी शिकलो काय?

मीराताई : तलाठ्याला सांगण्याआधी वहिनींना विचारलं होतंस? चिठ्ठीची गोष्ट त्यांनी तुला सांगितली होती, कार्यालयाला नाही. गावात ती त्या सावकाराच्या ओट्यापर्यंत संध्याकाळी पोचते. नियम विचारायला घर सांगावं लागत नाही. गोपनीयता तुला पाठ होती, पण तलाठ्यासमोर उभा असताना आठवली नाही.

कपाशीवाला : ताई, तुमचं पटते, पण अर्धंच. आमच्या गावात दरसाल पोरं येतात, फॉर्म भरून नेतात, फोटो काढतात. लय गोड बोलतात जी. बाबा गेल्यावर वारस फेरफारासाठी माय तहसीलच्या चकरा मारत होती, तवा एकालेही अर्ज लिहिता आला नाही. गोपनीयतेनं सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

मीराताई : आईंचा अर्ज अडला, ही आम्हा शिकवणाऱ्यांची चूक, मान्य. पण फेरफाराचा अर्ज एका दुपारी शिकवता येतो. कोणाची गोष्ट कुठे बोलायची नाही, हे अंगात मुरायला मला अकरा वर्षं लागली. आणि वणीकर, विनापरवाना सावकारीची तक्रार २०१४च्या कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. ती करायची की नाही, हे वहिनी ठरवतील. स्वयंनिर्णय म्हणतात तो हाच.

वणीकर : विचारलं नव्हतं, ताई. मनात आलंच नाही. तरी अभ्यासक्रमात शासन निर्णय वाचायला शिकवलेच पाहिजेत, यावरून मी हटणार नाही. शुक्रवारी जातोय. तलाठ्याला काय सांगितलं ते आधी वहिनींना सांगीन, तक्रारीचं नंतर विचारीन.

कपाशीवाला : एकटा जाऊ नको. सासऱ्याले बसव सोबत, जमीन त्याच्या नावावर असन तर तेबी पाहावं लागते.

मीराताई : सासऱ्यांना बसवायचं का, हेही वहिनींनाच विचार.