नडगीचं हाड उघडं पडलंय, पू थांबत नाही. पाय वाचेल का?

माणदेशी_सागर
नमस्कार. माझा भाऊ 34 वर्षांचा, दुधाचा टेम्पो चालवतो. एप्रिलमध्ये डंपरने ठोकरलं. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. त्याच रात्री एका खासगी दवाखान्यात हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. पुढे टाके उसवले, पू सुरू झाला. आता नडगीच्या मध्यावर तळहाताएवढी जखम आहे, तळाशी पिवळट हाड आणि पट्टी दिसते. इंजेक्शनं बदलून पाहिली, फरक नाही. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली कापून टाकू. बोटं हलतात, तळपायाला हात लावलेला कळतो. शुगर नाही, तंबाखू आहे. आई रोज रडते. कुणाच्या घरी असं झालं असेल तर खरं काय ते सांगा.

सुनंदा_कराड
सागरदादा, बोटं हलतात आणि तळपायाला कळतं, ही फार मोलाची गोष्ट आहे. घाईने सही करू नका. आमच्या ह्यांची नडगी उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती. आज ते स्वतः शेतात पाणी पाजायला जातात.

आधी इंजेक्शनं का लागू पडत नाहीत ते बघा. नडगीच्या आतल्या अंगाला हाडावर नुसती कातडी असते, मांस नसतं. ती गेली की हाड उघडं पडून मरतं. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, मग औषध कुठून पोचणार? पट्टीवरही जंतूंचा थर बसतो. म्हणून पहिलं ऑपरेशन साफसफाईचं. पट्टी काढायची आणि हाडातून रक्ताचे बारीक थेंब दिसेपर्यंत मेलेला भाग काढत जायचा. ह्यांचं 6 सेंटीमीटर हाड गेलं. ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण सर म्हणाले, "इथे हात आखडला तर पू परत येणार." कल्चरलाही, म्हणजे कोणता जंतू आहे त्या तपासणीलाही, हाडाचे आणि खोल मांसाचे तुकडेच पाठवायला सांगा. वरचा पू पुसून पाठवला तर भलताच जंतू सापडतो.

प्लास्टिक सर्जन पहिल्या दिवसापासून हवेत. हाडाच्या आणि प्लास्टिकच्या डॉक्टरांनी पाय एकत्र बघितला पाहिजे, हे मी तळमळीने सांगतेय. नडगीच्या मध्यावरची जखम बऱ्याचदा पोटरीचा आतला स्नायू फिरवून झाकता येते. घोट्याकडे फिरवायला मांस नसतं, तिथे मांडीचा किंवा पाठीचा तुकडा आणून मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडतात. तंबाखू आजच बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडही उशिरा धरतं.

मग गेलेल्या हाडासाठी रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेली धातूची कडी, हाडातून आरपार घातलेल्या बारीक सळ्यांनी धरलेली. ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्हांची. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधला उंच उडीचा विजेता ब्रुमेल मोटरसायकल अपघातानंतर बरीच ऑपरेशनं होऊनही बरा होईना, तो शेवटी त्यांच्याकडेच गेला. चांगल्या हाडाला वेगळ्या जागी चीर देतात, आठवडाभर थांबतात, मग सुटा झालेला तुकडा रिकाम्या जागेकडे रोज 1 मिलिमीटर सरकवतात. मागच्या फटीत नवं हाड धरत जातं. तेही पाव-पाव मिलिमीटर, चार वेळा. 10 नंबरचा पाना ह्यांच्या उशाशी असायचा. सरांनी नटाच्या एका कडेला लाल ठिपका काढून दिला होता, तो पाव फेरा पुढे गेला की झालं. सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6, रात्री 12. सासूबाईसुद्धा "ठिपका बघितला का?" म्हणून हाक मारायच्या.

6 सेंटीमीटर सरकायला दोन महिने, पण नवं हाड पक्कं व्हायला त्याहून कितीतरी जास्त. वर्षभर रिंग धरून चाला. तुकडे जिथे भेटतात तिथे कधी कंबरेचं हाड भरावं लागतं. सळ्यांच्या तोंडाशी लाल होतं, पाणी येतं, रोज पुसावं लागतं. पाऊल खाली ओढलं जातं, ते पट्ट्याने वर बांधून ठेवा, नाहीतर हाड जुळूनही टाच टेकत नाही. पँटची बाहेरची शिवण उसवून नाड्या लावून घ्या.

धनंजय_जेऊर
ताईंचं पटतं, पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या पायाची मुख्य रक्तवाहिनी आणि नस दोन्ही गेल्या होत्या, म्हणून गुडघ्याखाली कापला. गुडघा राहिल्यामुळे कृत्रिम पायावर नीट चालतो, दुकान सांभाळतो. अमेरिकेत 569 रुग्णांचा मोठा अभ्यास 2002 साली छापून आला. दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि कापलेले, दोघांचं रोजचं जगणं जवळपास सारखंच निघालं. वाचवलेल्यांना दवाखान्यात मात्र जास्त वेळा परत जावं लागलं. घरात वर्षभर कमावणारं दुसरं कुणी आहे का, याचाही हिशेब करा.

माणदेशी_सागर
दोघांचेही आभार. मी गवंडीकाम करतो, घर चालेल. पण एवढ्या ऑपरेशनांचा खर्च?

सुनंदा_कराड
रेशनकार्ड आणि आधार घेऊन मेडिकल कॉलेजच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र तिथे बसतो. रिंग आणि फ्लॅप (मांस फिरवून जखम झाकायचं ऑपरेशन) दोन्ही योजनेत बसतात का, हे त्याला वेगवेगळं विचारा. अपघाताच्या रात्रीपासूनचे सगळे एक्सरे आणि कल्चरचे रिपोर्ट सोबत न्या. डंपरवर नुकसानभरपाईचा दावा टाकायला कायद्यात 6 महिन्यांची मुदत आहे, एफआयआरची प्रत घेऊन वकील लगेच गाठा. आणि भावाला रिंगबद्दल जे विचारायचं असेल ते इथे लिहायला सांगा, आमचे हे स्वतः उत्तर देतील.