पायात गोळा येतो तेव्हा तुम्ही काय करता? अनुभव सांगा

परवा रात्री सव्वातीनला उजव्या तळपायात असा पेटका आला की झोपेतनं ओरडतच उठले. अंगठा आपोआप खाली वळला, बाजूचं बोट त्याच्यापासून लांब ताणलं गेलं आणि तळव्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. पाय दोन्ही हातांनी आवळून बसले होते. सासूबाई शेजारच्या खोलीतनं आल्या आणि म्हणाल्या, "पांय जमनीर दवर गो, उबी राव." उभी राहिले, टाच फरशीवर दाबली, वाकून बोटं वर ओढली, मिनिटभरात गाठ उतरली. पण तळवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकत होता, फोंड्याच्या बाजारात जाऊन यायचं तर पाय नीट टेकवेना.

वय ४७, महिन्यातनं सात-आठ रात्री हे चाललंय. एक म्हणतो केळी खा, एक म्हणतो मॅग्नेशियम घे, एक म्हणतो उशाशी लोखंड ठेव. म्हणून धागा काढतेय. कधी येतो, कशाने उतरतो, आणि त्यामागे कुणाला काही आजार निघाला का, तेही सांगा.

साखळीहून
मी रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या नाचत जाणाऱ्या मिरवणुकीत, ढोल वाजवतो. शिगम्याचे दिवस म्हणजे ऐन मार्च, दुपारपासून उन्हात उभं राहायचं, मग संध्याकाळी मिरवणूक, कमरेला ढोल आणि पाय सतत नाचते. तीन वर्षांमागे अर्ध्या वाटेवर दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले, रस्त्यावरच बसलो. पोरांनी पाय सरळ करून पंजा माझ्याकडे दाबून धरला, एकाने लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणून दिलं. चूक अशी की दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत होतो, घामातनं मीठ गेलेलं त्याचं काय. आता आदल्या दिवसापासून सांभाळतो, सकाळी मीठ घालून उकड्या तांदळाची पेज आणि सोबत ओआरएसची बाटली, एका मोठ्या पुडीला बरोबर एक लिटर पाणी, घट्ट करून प्यायचं नाही.

पेडण्याहून
माझे गरोदरपणातले. सातव्या महिन्यापासून रोज पहाटे पोटरीत. पोट एवढं मोठं की स्वतःचा पंजा हाताला लागत नव्हता, मग नवऱ्याला उठवायचे, तो अर्धवट झोपेतच माझी टाच तळहातात धरून पंजा मागे रेटायचा. एक गोष्ट मला खूप उशिरा कळली की जाग आल्यावर आळस देताना पंजा खाली ताणायचा नाही, माझा गोळा दर वेळी तिथेच यायचा. आळस द्यायचाच तर टाच पुढे ढकलून द्या. चादर पायाकडे खोचून झोपायची सवयही सोडली. बाळंतपणानंतर आपोआप थांबलं.

म्हापशाहून
मी निवृत्त नर्स आहे, थोडं सविस्तर लिहिते. झोपेत आपला पंजा खाली झुकलेला असतो, म्हणजे पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू आधीच आखडलेले. त्यात नसेकडनं जास्तीचा इशारा आला की ते अजून आवळतात आणि सुटायला जागाच राहत नाही. म्हणून ताण देणं हाच पहिला उपाय, उभं राहून टाच टेकवणं हेही तेच. सुटल्यावर चोळा, शेकवा. २०१२ साली नेदरलँड्समध्ये ५५ च्या वरच्या ८० जणांवर अभ्यास झाला होता, झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण द्यायचा, सहा आठवडे. ताण देणाऱ्यांचे गोळे कमी झाले, त्रासही कमी झाला. फुकटचं आहे, करून बघा.

मॅग्नेशियमबद्दल सांगते कारण लोक महिनोन्महिने पैसे घालतात. वयस्कर लोकांच्या रात्रीच्या पेटक्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, असंच कॉक्रेन या संस्थेने बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या आढाव्यात निघालं. आणि क्विनिन, म्हणजे मलेरियाचं औषध, ते तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. रक्तातल्या प्लेटलेट्स आणि हृदयाचे ठोके दोन्हींवर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो, अमेरिकेच्या औषध खात्याने २००६ मध्येच पायाच्या पेटक्यांसाठी ते वापरू नका म्हणून बजावलं. त्यापेक्षा चालू औषधांची यादी काढा. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, कोलेस्ट्रॉलच्या स्टॅटिन्स, दम्याची काही औषधं यांनीही गोळे येतात. पण गोळी मनाने बंद करायची नाही, ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.

मडगावहून
वरच्या ताईंनी आजाराचं विचारलंय म्हणून बाबांचं लिहितो. बाबा ६८, तीस वर्षं विडी, वर मधुमेह. मासळी बाजारापर्यंत चालत गेले की डाव्या पोटरीत गोळा, जरा उभे राहिले की दोन मिनिटांत गायब, पुन्हा तेवढंच अंतर चालले की पुन्हा. आम्ही वर्षभर त्याला गोळाच म्हणत होतो, जवळच्या एका दवाखान्यातनं मलमं आणि बी-१२ च्या गोळ्या आणत राहिलो, पायाला हात लावून कुणी बघितलं नाही. शेवटी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, तिथे घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून ताडून बघितलं, घोट्याचं फार कमी. पायाची रक्तवाहिनी तुंबलेली निघाली. विडी सुटली, औषधं चालू झाली, आता रोज ठरवून चालतात, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. अंतर वाढलंय. खरा गोळा असा मोजून-मापून ठराविक अंतरावर येत नाही हो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं.

म्हापशाहून, पुन्हा
बरं झालं लिहिलंत. अजून एक, एकच पाय सुजला, गरम लागला, लालसर झाला आणि दुखणं उतरतच नाही, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

वाळपईहून
शाळेच्या फुटबॉल टीमबरोबर असतो. दुसरा हाफ संपत आला की पोरं पटापट पडतात. आमच्याकडे एक मावशी चेपणीच्या तोरांचं, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांचं, खारं पाणी छोट्या बाटलीत द्यायच्या, दोन घोट, आणि पोरगं उठायचं. मला वाटायचं मीठ लागलं असेल. पण २०१० च्या एका अमेरिकन प्रयोगात विजेच्या झटक्याने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला आणि काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, साध्या पाण्यापेक्षा लवकर, दीड मिनिटाच्या आत तो सुटला. एवढ्यात मीठ रक्तात पोचतच नाही. घशाला ते आंबट-खारट झोंबतं आणि तिथूनच नसांना आवर बसतो, असा अंदाज आहे. पण बीपीवाल्यांनी याच्या नादाला लागू नये.

काणकोणहून
पावसात लावणीला दिवसभर चिखलात वाकून उभं राहिलं की त्या रात्री नक्की येतो. गरम पाण्यात पाय बुडवून झोपते, एवढंच.

फोंड्याहून, धागा काढणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दीड महिना झाला. थायरॉइड तपासला, थोडा कमी निघाला, गोळी सुरू झालीय. आणि झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. मग खुर्चीत बसून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन पायाची बोटं हाताने मागे ओढते, तळव्याची शीर तारेसारखी ताठ होईपर्यंत. कालनिर्णयावर फुल्या मारतेय, गेल्या महिन्यात आठ होत्या, या महिन्यात तीन. थायरॉइडच्या गोळीने की भिंतीमुळे ते सांगता येत नाही, दोन्ही चालू ठेवणार. सासूबाईही आता शेजारी उभ्या राहून भिंतीला हात लावतात, त्यांना चौदा वर्षं येतो म्हणे, कधी बोलल्याच नव्हत्या. सोमवारी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे.